मातीतील अदृश्य व्यवहार

चंदगडच्या घाटमाथ्यावर एकाच उतारावर अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन आणि किंजळ शेजारी शेजारी नांदतात. प्रकाश, पाणी आणि अन्न सर्वांनाच हवे असते. मग त्यांतील बलवान वृक्षाने इतरांना हुसकावून सारे रान व्यापले का नाही? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पायाखालच्या मातीत दडलेला आहे.

प्रत्येक वृक्षाच्या मुळांभोवती बुरशी आणि जिवाणू यांची निराळी वसाहत निर्माण होते. तीत त्याच जातीला बाधणारे रोगकारकही वर्षानुवर्षे साठत जातात. परिणामी मातृवृक्षाजवळ त्याचीच रोपे कुजतात. परक्या जातीची मात्र तग धरतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात पॅकर आणि क्ले या संशोधकांनी रानटी चेरीच्या बाबतीत हे दाखवून दिले. त्यांचा निबंध २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या झाडाखालची माती निर्जंतुक केली, तेव्हा रोपे अधिक प्रमाणात जगली. जी जात संख्येने वाढते, तिला माती अशी आवर घालते. दुर्मिळ जातीला त्यामुळे जागा मिळते.

याची दुसरी बाजूही आहे. जांभ्या मातीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडलेला असतो. मुळांशी सख्य करणारी बुरशी दूरवर पसरून तो झाडापर्यंत पोहोचवते आणि मोबदल्यात साखर घेते. हे साहाय्य एखाद्याच जातीला अधिक लाभले, तर ती इतरांना मागे सारते. तीच माती सहजीवन घडवते आणि एकाधिकारही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचा व्यापार काजूवर उभा आहे. मिश्र रान साफ करून तेथे केवळ काजू लावला, तर मातीतील ही विविधता ओसरते आणि रोगाला झाडामागून झाड सापडत जाते. सारे कर्ज एकाच धंद्यात अडकवू नये, हा बँकेतील जुना धडा येथेही लागू पडतो.

म्हणून बागायतदाराशी बोलताना केवळ मालाचा भाव विचारू नये. बांधावरची ऐन, किंजळ राखली आहेत काय, पालापाचोळा जाळला जात नाही ना, कोवळ्या बागेत ओळींमध्ये कुळथासारखे द्विदल पीक घेतले जाते काय, हेही आस्थेने विचारावे. आपल्या नातवंडांच्या व्यापाराचे भांडवल त्याच मातीत आहे.