भेगांची सोयरीक आणि दोन दफ्तरे

भूकवचाला पडलेली भेग नकाशावर एका रेघेने दाखविता येते, म्हणून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एका घावात पडलेली असावी, असा जो समज आपल्याकडील सुशिक्षितांतही रूढ आहे, तो गाळाच्या द्रोणींपुरता तरी खरा नाही. आणि हा प्रश्न केवळ शास्त्रीय अज्ञानाचा असता, तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडविण्याचे प्रयोजन नव्हते.

कवच ताणले जाऊ लागले म्हणजे खडकांत प्रथम अनेक तोकडे, परस्परांशी संबंध नसलेले प्रस्तरभंग उत्पन्न होतात. प्रत्येकाच्या मध्यावर जमीन सर्वाधिक खचते आणि टोकांकडे हे खचणे कमी होत होत शून्यावर येते. पुढे दोन शेजाऱ्यांची टोके एकमेकांना ओलांडून समांतर गेली, की मधल्या पट्ट्याला कल येऊन उंच अंगाकडून सखल अंगाकडे एक उतरण तयार होते. पुष्कळदा नद्या हीच वाट धरतात व आपली वाळू तिच्या पायथ्याशी टाकतात. आणि ताण तसाच चालू राहिला, तर अखेरीस ती उतरण आडवी तुटून दोन्ही प्रस्तरभंग एक होतात. जोडाच्या जागी रेघेला पडलेला बाक मात्र मागे उरतो. याउलट, भेग आपली बहुतेक लांबी आरंभीच गाठते आणि नंतर केवळ खोल खचत जाते, असे मानणारा एक पक्ष आहे. हा वाद अद्याप मिटलेला नाही, व तो घाईने मिटवावा असेही मला वाटत नाही. निवाड्याचे उत्तम साधन गाळ, कारण गाळ ही या व्यवहाराची रोजकीर्दच होय. एखादा थर भेगेच्या दोन्ही अंगांना सारख्याच जाडीचा आढळला, तर तो साचला तेव्हा तेथील जमीन हलत नव्हती. तोच थर खचलेल्या अंगाला जाड भरला असेल, तर तो साचत असतानाच ते अंग खाली जात होते. जोडाजवळ ही जाडी कोणत्या थरापासून वाढू लागली, हे पाहिले म्हणजे सोयरीक केव्हा जुळली याचाही अंदाज बांधता येतो.

ही रोजकीर्द वाचणे अतिशय खर्चाचे, आणि आपल्या देशात तो खर्च प्रामुख्याने तेलाच्या आशेने झाला. खंबायतजवळ लुणेज येथे १९५८ साली तेल लागले, तेव्हा तो मुलूख मुंबई राज्यातच मोडत होता. २००४ साली बाडमेरच्या द्रोणीत मंगला क्षेत्र सापडले, तेही प्रस्तरभंगांनी तुटून कललेल्या एका ठोकळ्यात.

पण भेगांच्या जोडांवर तेलाखेरीज आणखी एक गोष्ट अवलंबून असते. भूकंपात एकाच वेळी किती लांबीचा तुकडा सरकतो, यावर भूकंपाचे सामर्थ्य बव्हंशी ठरते. म्हणून दोन भेगा खोलवर जुळल्या आहेत की नाहीत, हा प्रश्न वस्तीच्या दृष्टीने जिवाचा आहे. कच्छचेच पाहा. ताणाच्या युगात तेथे पडलेले प्रस्तरभंग पुढे भारतीय भूखंड आशियाशी भिडल्यावर दाबाखाली आले आणि उलट दिशेने सरकू लागले. त्या प्रदेशाच्या रचनेचा पाया घालणारे काम एस. के. बिस्वास यांनी केले, आणि ते तेल व नैसर्गिक वायू आयोगाचे भूशास्त्रज्ञ होते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने १३ हजारांहून अधिक माणसे मारली, तेव्हा कच्छ मुख्यभूमीचा प्रस्तरभंग आणि दक्षिण वागडचा प्रस्तरभंग एकमेकांना ओलांडतात त्या पट्ट्याकडे त्यांनी बोट दाखविले. वास्तविक कच्छ आधीपासूनच भूकंपाच्या नकाशात सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात होता. परंतु अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग फासल्याने कोणत्या दोन भेगा कोठे भिडतात, हे मामलेदाराला किंवा इमारतीचा आराखडा मंजूर करणाऱ्याला कसे कळावे?

तेलासाठी केलेले काम भूकंपाच्या कामी आले, हा मी योगायोग मानतो, व्यवस्था नव्हे. पेट्रोलियम खाते एका मंत्रालयाकडे, भूकंपाचे निरीक्षण दुसऱ्याकडे, आणि एकाच भेगेची मिसल दोन दफ्तरांत. २०१७ साली पेट्रोलियम मंत्रालयाने तेलशोधातून मिळालेल्या माहितीचे राष्ट्रीय भांडार उघडले, ही स्वागतार्ह गोष्ट. तथापि तेलक्षेत्रांकडे गुंतवणूकदार आकर्षित करणे हाच त्यामागील मुख्य हेतू होता. माझी सूचना इतकीच की, ज्ञात प्रस्तरभंगांना छेदून जाणाऱ्या तेलशोध-सर्वेक्षणाच्या ओळी धोक्याच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याचे बंधनच घालावे, आणि जोडांचे नकाशे जिल्हा कचेरीपर्यंत पोहोचवावेत. व्यापारी गुपिताची सबब पुढे येईल. पण तेल कोणत्या थरात किती आहे, हे भूकंपाच्या अभ्यासकाला नकोच असते, त्याला भेगेचा खोलीतील उतार आणि तिचा शेजार हवा असतो, आणि तेवढे वेगळे काढून देणे अशक्य नाही. आरंभ भडोचपासून करावा: १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले ते त्या जिल्ह्यात, आणि मार्च १९७० मध्ये भूकंपाने ज्याची घरे पाडली तोही तोच जिल्हा.