मयतावरच गुन्हा, मग अंधारातल्या ट्रॉलीचं काय?

गाळप हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या बातम्यांत एक ठरलेली ओळ येते: उभ्या ऊस ट्रॉलीला पाठीमागून धडक, दुचाकीस्वार जागीच ठार. दोन-चार दिवसांनी पुढची बातमी येते, ती मात्र फार कोणी वाचत नाही. भरधाव वेगात दुचाकी चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याप्रकरणी मयतावर गुन्हा दाखल. घरात अजून दहावा झालेला नसतो आणि कागदावर दोष ठरून गेलेला असतो.

गावात पारावरचा निकालही तोच. "मागनं धडकला म्हंजे त्याचीच चूक." यात अर्धं खरं आहे. मागच्या वाहनाने अंतर राखायचं, दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतक्याच वेगाने चालवायचं, हा नियम आहेच. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं की, दुसऱ्यांना धोका होईल अशा स्थितीत वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी सोडायचा नाही. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर हेही नियमातच आहेत. म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे. ट्रॉली डांबरावर होती की साईडपट्टीवर? टेललाईट पेटत होती का? रिफ्लेक्टर होता, पण त्यावर उसाचे वाढे लोंबत होते का? पंक्चर झालेली ट्रॉली सोडून ट्रॅक्टर गेला, तेव्हा चाकाला दगड लावण्यापलीकडे काही केलं का? या उत्तरांवर दोषाची टक्केवारी ठरते, आणि ती 100 विरुद्ध शून्य असायलाच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता गुन्ह्याची गंमत बघा (गंमत म्हणवत नाही, पण आहे तसंच). आरोपीच मयत, त्यामुळे खटला चालत नाही. पोलीस अबेट समरी पाठवतात, फाईल बंद. म्हणजे मेलेल्या माणसावरचा आरोप फौजदारी कोर्टात कोणी तपासतच नाही. पण तोच कागद पुढे विमा कंपनीचा वकील मोटार अपघात दावा प्राधिकरणात फडकवतो आणि अनेक कुटुंबं तिथेच हाय खातात. "केसच आमच्यावर झाली, आता काय मिळणार?" असं म्हणून दावाच दाखल करत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. प्राधिकरण एफआयआरला बांधलेलं नाही. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात मात्र कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय, एवढंच पाहतात. सुप्रीम कोर्टाने 2009 च्या बिमला देवी प्रकरणात हे स्पष्ट केलंय. अपघातानंतर वाहनं कुठे पडली होती, एवढ्या पंचनाम्यावरून कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं 2013 च्या जिजू कुरुविला निकालात आहे. ट्रिपल सीट होते म्हणून आपोआप चूक धरायची नाही, त्यामुळे अपघात घडला हे दाखवावं लागेल, असं 2020 च्या मोहम्मद सिद्दीकी निकालात म्हटलंय. लायसन नव्हतं, हेही एकट्याने दोषाचं कारण होत नाही.

टक्केवारीचा हिशोब घराला कसा बसतो, ते बघा. समजा भरपाई 20 लाख ठरली आणि दुचाकीस्वाराचा दोष 40 टक्के धरला, तर 8 लाख कापले जातात. त्यामुळे टेललाईट बंद होती हे सांगणारा एक साक्षीदार लाखमोलाचा असतो.

मागे बसलेल्याचा हिशोब मात्र वेगळा. दोन्ही वाहनचालकांची चूक निघाली तरी मागे बसलेल्याची त्यात चूक नसते, म्हणून त्याच्या घरच्यांना पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. 2015 च्या खेनयेई निकालाने हे पक्कं केलंय. तरी भावकीत "आपल्याच पोराची गाडी होती, कशाला कोर्टात जायचं" असं म्हणून विषय मिटवला जातो. आणि सगळी चूक दुचाकीवाल्याचीच ठरली, तर? मग दुचाकीचा नुसता थर्ड पार्टी विमा मागे बसलेल्याला कामाला येत नाही, पॅकेज पॉलिसी लागते. हे विमा काढताना फार कमी जणांना कोणी सांगतं.

पुराव्याची खरी अडचण पहिल्या तासातली आहे. लोक जमतात, जखमीला उचलतात, ते आधी केलंच पाहिजे. पण तोवर दुसरा ट्रॅक्टर येऊन ट्रॉली ओढून नेतो आणि सकाळी पंचनाम्याला रस्त्यावर काचा आणि ऊस एवढंच उरतं. मोबाईल सगळ्यांच्या हातात असतो, फोटो मात्र मृतदेहाचे काढतात आणि ग्रुपवर टाकतात. त्यापेक्षा ट्रॉलीची मागची बाजू, ती डांबरावर किती आत होती, ब्रेकच्या खुणा, ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर यांचे फोटो घ्या. ट्रॉलीचा विमा वेगळा आहे का, ट्रॅक्टर शेतीकामासाठी नोंदवून भाड्याने ऊस वाहत होता का, हे मुद्दे विमा कंपनी हमखास काढते.

पोलिसांचंही काम एफआयआरवर संपत नाही. एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. तो दिला का, हे ठाण्यात जाऊन विचारायला हरकत नाही.

दोष सिद्ध न करता कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची तरतूद आहे. पण तडजोडीत ती रक्कम स्वीकारली की मोठ्या दाव्याचा अर्ज संपतो, त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि मुदत: त्याच 2022 च्या बदलांनी दाव्याला अपघातापासून सहा महिने दिलेत. या मुदतीचा वाद सुप्रीम कोर्टात गेलाय, तरी आपण सहा महिनेच धरून चाला. डिसेंबरातल्या अपघाताची मुदत जूनमध्ये संपते, नेमकी पेरणीच्या गडबडीत.