जव्हारचें ‘शाह’ पद

नाशिकहून त्र्यंबकेश्वर व मोखाडा मागें टाकून जव्हारास पोंचलें, कीं तेथील सरकारी रुग्णालयावर ‘पतंगशाह’ हें नांव दिसतें. महादेव कोळी कुळांतील हिंदु राजाचें नांव, आणि त्याच्या शेवटीं फारसी ‘शाह’ कसें, असें बरोबरच्या मुलांनीं विचारल्यास उत्तरासाठीं चौदाव्या शतकापर्यंत मागें जावें लागतें.

आख्यायिका अशी कीं, जयबा मुकणे यानें वारली नायकाकडे बैलाच्या कातड्याखालीं मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळतांच त्यानें कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या आणि त्यांनीं मोठ्या मुलखास वेढा घातला. भूमध्य समुद्राकांठीं कार्थेज नगर वसविणाऱ्या डायडो राणीची कथाही हुबेहूब हीच आहे.

जयबाचा पुत्र नेमशाह यास महंमद तुघलकानें राजा म्हणून मान्यता व ‘शाह’ हा किताब दिला. 5 जून 1343 या दिवसापासून संस्थानानें आपला स्वतंत्र शक मोजला. तुघलक गेले, किताब राहिला. शिवाजी महाराज 1664 च्या सुरत-स्वारीस निघाले असतां विक्रमशाहानें शिरपामाळावर त्यांचा सत्कार केला, असें परंपरा सांगते. तरी 1672 च्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें. पुढें पेशव्यांची खंडणी आली, मग इंग्रजांचें मांडलिकत्व. अखेर 1948 सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. सार्वभौम बदलत गेले, मुकण्यांचें घराणें मात्र तेंच राहिलें.

युरोपाच्या दक्षिणेस सिसिली बेटांतील पालेर्मो शहराचें याच्या उलट झालें. कार्थेजकरांचे पूर्वज जे फिनिशियन, त्यांनींच तें वसविलें. इसवी सनापूर्वीं 254 त तें रोमनांनीं, सन 831 त अरबांनीं व 1072 त नॉर्मनांनीं जिंकलें. तेथें राजघराणींच बदललीं. तरीही 1130 सालीं राज्याभिषेक झालेला रॉजर दुसरा हा ख्रिस्ती राजा असून त्याच्या राजवस्त्रावर अरबी अक्षरें व हिजरी 528 हें साल भरतकामानें काढलेलें आहे. नव्या राजासही प्रतिष्ठेसाठीं जुन्याच सत्तेची भाषा हवीशी वाटली. जव्हारच्या ‘शाह’ पदाचें रहस्यही याहून निराळें नाहीं.

परंतु किताब, शक व राजवस्त्रें हा झाला राजांचा इतिहास. कातड्याची गोष्ट जमीन घेणाराच्या बाजूनें सांगितलेली आहे. देणाराचें म्हणणें तींत कोठेंच नाहीं. त्या वेढ्याच्या आंत ज्यांची वस्ती होती, ते वारली आजही या डोंगरांत आहेत. कसत असलेल्या वनजमिनीवर आपला हक्क सिद्ध करण्यासाठीं 2006 च्या वनहक्क कायद्याखालीं त्यांना दावे दाखल करावे लागतात. ज्यांच्यापाशीं एके काळीं जमीन मागितली गेली असें कथा सांगते, त्यांच्यावरच आज ती मागण्याची वेळ आली आहे. मुलांना कातड्याच्या वाद्यांची गोष्ट सांगतांना एवढी पुस्ती तिला अवश्य जोडावी.