भाच्याची यादी आणि माझी यादी

गेल्या रविवारी पुण्याच्या भाच्यानं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी टाकली. 'भारतीय कसोटी संघाचे सर्वकालीन श्रेष्ठ बचावपटू'. पहिला राहुल द्रविड, दुसरा सचिन, तिसरे गावसकर, चौथा पुजारा, पाचवा लक्ष्मण. नंबर कशावरून दिलेस असं विचारलं तर उत्तर आलं, "मामा, सोप्पं आहे. जो जास्त चेंडू खेळला तो मोठा, थोडं इकडंतिकडं." खाली सगळ्यांचे अंगठे. साताऱ्याच्या वहिनींनी तर हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्यांनी यादी वाचलीच नसावी असा मला दाट संशय आहे.

मी ग्रुपवर भांडत नाही. तिथं दोन ओळींच्या वर लिहिलं की 'मामा चिडले' म्हणतात. म्हणून इथं सविस्तर चिडतो.

आधी मोजणीचं बघू. द्रविड कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळला, हा विक्रम आहे, मान्य. पण जुन्या कितीतरी डावांत कोणी किती चेंडू खेळले याची धड नोंदच नाही. मग हजारे, मर्चंट यांना या यादीत जागा कुठून मिळणार? आणि चेंडूच मोजायचे तर सचिन दुसरा येतो. अरे, सचिन बचावपटू? दोनशे कसोट्या खेळलेला माणूस चेंडू जास्त खेळणारच. आमच्या एसटीचा ड्रायव्हर आयुष्यभरात सगळ्यात जास्त किलोमीटर फिरला म्हणून तो काही यात्रेकरू होत नाही.

दुसरं म्हणजे चेंडू अडवणं आणि बचाव करणं एकच नव्हे. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात इंग्लंडनं लॉर्ड्सवर ६० षटकांत ३३४ धावा केल्या. आपले गावसकर पूर्ण ६० षटकं खेळले. १७४ चेंडू, नाबाद ३६. भारत ३ बाद १३२. खेळून काढलेले चेंडू भरपूर, पण त्यातून वाचलं काय? सामना तर गेलेलाच होता. आता हे लिहिलं म्हणून मुंबईचे पाहुणे माझ्यावर धावून येतील हे मला ठाऊक आहे. त्यांनी जरा धीर धरावा, गावसकरांकडे पुन्हा येतोच.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. यादीत पाचही जण फलंदाज! बचाव काय फक्त बॅटनं होतो? मग यष्टिरक्षक काय करतो? फलंदाजाच्या पुढ्यात दोन-तीन पावलांवर ओणवा उभा राहणारा क्षेत्ररक्षक काय करतो? एक बाजू दिवसभर धरून ठेवणारा गोलंदाज काय करतो?

माझी व्याख्या साधी आहे. दुसऱ्याला त्याचा खेळ खेळता यावा म्हणून जो स्वतः उभा राहतो, तो बचावपटू. तो नसता तर दुसऱ्याचं काय झालं असतं, हा प्रश्न विचारायचा आणि त्या उत्तरावरून नंबर द्यायचा. आता माझी यादी.

पहिला एकनाथ सोलकर. हो, द्रविडच्याही वर. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा. २७ कसोट्या, ५३ झेल. भाचा म्हणेल, द्रविडचे २१० आहेत. अरे, पण १६४ कसोट्यांत! किमान वीस कसोट्या खेळलेल्यांत, यष्टिरक्षक सोडून, सामन्यामागे सोलकरइतके झेल कुणाचेच नाहीत. पण आकडा बाजूला ठेवू. उभा कुठं राहायचा ते बघ. फॉरवर्ड शॉर्ट लेग. डोक्यावर हेल्मेट नाही. मागून बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना, वेंकटराघवन यांची फिरकी आणि समोर बॅट. या चौघांचे मिळून कसोटीत ८५३ बळी आहेत. त्यातल्या काहींपुढे 'झे. सोलकर' आहे. पण तो तिथं उभा आहे या धास्तीनं बॅट पुढं आली नाही, पायावर चेंडू बसला, दांडी गेली, असे किती? ते कुठंच लिहिलेलं नाही.

२३ ऑगस्ट १९७१. ओव्हल. त्या वेळी मी नगरला कॉलेजात होतो. घरात हरितालिकेची गडबड आणि मी शेजारच्या काकांच्या रेडिओला कान लावून बसलेलो. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थीला आपण इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकलो. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच डावात ॲलन नॉट हा नेहमी नडणारा माणूस एका धावेवर गेला, तो वेंकटच्या चेंडूवर सोलकरनं जमिनीलगत झेपावून घेतलेल्या झेलावर. तो छायाचित्रातला आडवा झालेला सोलकर नंतर पेपरात पाहिला. शिवाय पहिल्या डावात त्याच्या ४४ धावा होत्या. विजय चंद्रशेखरच्या नावानं लिहिला गेला आणि त्यात गैर काही नाही. मी फक्त एवढंच विचारतो, तो सोलकर तिथं नसता तर?

दुसरा द्रविड. पण तुझ्या ३१,२५८ मुळं नव्हे. २००१ चा कोलकाता आठव. फॉलोऑन, २७४ धावांची पिछाडी, समोर लागोपाठ सोळा कसोट्या जिंकून आलेली ऑस्ट्रेलिया. लक्ष्मण २८१. द्रविडला त्या सामन्यात सहाव्या नंबरावर ढकललं होतं. तो तिथून १८० करून गेला. दोघांची ३७६ धावांची भागीदारी, चौथ्या दिवशी अख्ख्या दिवसात एक बळी नाही. सामन्याला नाव लक्ष्मणचं पडलं. द्रविडनं ते पडू दिलं. २०११ च्या ओव्हलवर तर सलामीला जाऊन शेवटपर्यंत नाबाद १४६ आणि लगेच फॉलोऑन मिळाल्यावर पॅड न सोडता पुन्हा सलामीला! मालिका आपण ०-४ अशी हरलो. हरणाऱ्या संघातही कोणीतरी दार धरून उभं राहावं लागतं.

तिसरा सय्यद किरमाणी. ८८ कसोट्या, १६० झेल आणि ३८ यष्टिचीत. चंद्रशेखरचा चेंडू कुठं वळेल हे फलंदाजाला कळत नसे, तिथं यष्टींमागे उभं राहून तो पकडायचा म्हणजे काय ते ज्यानं गल्लीत का होईना कीपिंग केलंय त्यालाच कळेल. आणि कसोटी नसली तरी एक गोष्ट सांगतोच. १९८३ चा विश्वचषक, झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ आणि मग कपिलदेवचे नाबाद १७५. नवव्या गड्यासाठी नाबाद १२६ धावांची भागीदारी झाली. त्यात किरमाणीच्या नाबाद २४. त्या २४ नसत्या तर १७५ कुठून आल्या असत्या?

चौथा पुजारा. ब्रिस्बेन, जानेवारी २०२१. दहा-अकरा वेळा चेंडू अंगावर घेतले. हातावर, बरगडीवर, हेल्मेटवर. २११ चेंडूंत ५६. त्यानं जुना करून, गोलंदाजांना दमवून दिलेला चेंडू मग पंतनं मारला, नाबाद ८९. टीव्हीवर ते ८९ पुन्हा पुन्हा दाखवतात. हरकत नाही, मलाही बघायला आवडतात.

पाचवे बापू नाडकर्णी, आपल्या शेजारच्या नाशिकचे. १९६४ ची मद्रास कसोटी, लागोपाठ २१ निर्धाव षटकं, ३२ पैकी २७ निर्धाव, ५ धावा. सगळे हाच आकडा सांगतात आणि थोडं हसतात. खरं सांगायचं तर मलाही तो पराक्रम फार मोठा वाटत नाही, कारण समोरचे बोलस आणि बॅरिंग्टनही मारायला निघाले नव्हते. मी नंबर देतो तो त्याच मालिकेतल्या कानपूरसाठी. फॉलोऑन मिळालेला असताना बापूंनी बॅटनं नाबाद ५२ आणि नाबाद १२२ करून सामना वाचवला. चेंडूनं बांध घालणारा माणूस गरज पडल्यावर बॅटनं बांध घालतो. याला म्हणतात बचावपटू.

आता गावसकर. त्यांना मी यादीत घेतलेलं नाही, आणि हा अपमान नाही. गावसकर दुसऱ्या कुणासाठी बाजू धरत नव्हते. त्यांच्या काळात कितीदा तरी अख्खी फलंदाजी म्हणजे तेच होते. १९८७ च्या बंगळूरला त्या वळणाऱ्या खेळपट्टीवर त्यांच्या ९६ आणि भारत १६ धावांनी पराभूत. ते तटबंदी नव्हते, सगळा किल्लाच होते. किल्ल्याची गणना बुरुजांत कशी करणार?

आणि घरच्यांसाठी: अजिंक्य रहाणे आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, २०१५ मध्ये गॉलला एका कसोटीत आठ झेल घेऊन त्यानं विश्वविक्रम केला, तरीही माझ्या पाचांत नाही. जिल्ह्याचा म्हणून नंबर देणार नाही. सहावा मात्र तोच.

तर एवढा खटाटोप कशासाठी? म्हातारा माणूस, दुपारी झोप लागत नाही, म्हणून? नाही. मला नोकरीतली एक गोष्ट टोचते आहे.

मी अनेक वर्षं पाथर्डी तालुक्यात शिकवलं. शाळेच्या व्हरांड्यात मोठा फळा होता, दहावीत पहिल्या आलेल्यांचा. नावं, साल, टक्के. माझं अक्षर बरं म्हणून दरवर्षी ती नावं मीच लिहायचो. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. गाडीत संसार भरायचा, त्यातच पोरं. गेलेलं पोर उन्हाळ्यातच परत यायचं, आणि आलं तरी वर्गात बसेल याची खात्री नाही. आमच्या शाळेतल्या एक बाई गाड्या भरायच्या आधी वस्तीवर जायच्या. आजी गावात राहणार आहे का, पोराला तिच्याजवळ ठेवता का, धान्याचं मी बघते, असं दारोदार बोलत बसायच्या. काही ऐकायचे, काही कुत्रं सोडायचे. पण दरवर्षी दहा-बारा पोरं राहायची. त्यातली बहुतेक काठावर पास झाली. फळ्यावर एकाचंही नाव आलं नाही. मी लिहिलं नाही, कारण फळ्याला तसा रकानाच नव्हता. बाईंच्या निरोप समारंभात शाळेचा निकाल किती टक्क्यांनी वाढला ते वाचून दाखवलं गेलं. ते वाचणाराही मीच. त्या निकालातली किती पोरं बाईंनी राखलेली होती, याबद्दल मी एक वाक्य बोललो नाही. सुचलंच नाही. बाई आता हयात नाहीत.

म्हणून भाच्या, तुझी यादी पाहून मी चिडलो. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. अशीच यादी मी आयुष्यभर खडूनं लिहिली.

आणि आता खरा मुद्दा, जो तू ग्रुपवर सांगितला नाहीस पण तुझ्या बायकोनं फोनवर सांगितला. तुझ्या तेरा वर्षांच्या मुलाला क्लबच्या संघातून वगळलं, कारण ८० चेंडूंत ३१ धावा केल्या. दुसऱ्या टोकाच्या पोरानं ७० मारल्या म्हणे. त्या दिवशी ते टोक कुणी धरलं होतं, हे प्रशिक्षकानं विचारलं नाही. निदान तू तरी विचारलंस का? की तूही घरी आल्यावर त्याला चेंडूच मोजून दाखवलेस?

त्याला सुट्टीत इकडे पाठव. सोलकरचं ते छायाचित्र मी शोधून ठेवतो. माझी यादी चुकीची वाटली तर जरूर भांडा, पण नंबर बदलायचा असेल तर 'तो नसता तर' याचं उत्तर घेऊन या. नुसता अंगठा चालणार नाही.

असो. चहाची हाक आली आहे.