शॉकअप बदलायचाय? आधी फूटपट्टी घ्या!

‘बाबा, शॉकअप गेलाय, नवी सायकल घ्या!’ चिरंजीवांनी असं फर्मान काढलं, की घरात दोन तट पडतात. आई म्हणते, आहे ती चालव. बाबा पाकीट चाचपतात. पण फ्रेम धड असेल, तर जुनी माउंटन बाइक थोडक्या खर्चात पुन्हा उभी राहते.

झाशीचंच उदाहरण घेऊ. पेशवाईपासून मराठी घरं नांदत आलेल्या या शहराच्या जुन्या तटाला ओरछा गेट आहे. तिथून बेतवाकाठचं ओरछा सुमारे १६-१७ किलोमीटर. सकाळी सायकलने जाऊन यावं असं अंतर! अशा वाटेवर दणके बसतात ते खड्ड्यांचे आणि गतिरोधकांचे. कड्यावरून उड्या कुणाला मारायच्यात? ६० ते ८० मिलिमीटर दबणारा शॉकअप पुष्कळ झाला. १९८९ मध्ये आलेला रॉकशॉक्सचा ‘आरएस-१’ जेमतेम ५० मिलिमीटर दबायचा. तरी त्यावर ग्रेग हर्बोल्डने १९९० ची जागतिक डाउनहिल स्पर्धा जिंकली.

म्हणून आधी दुरुस्ती. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खडखड हँडलच्या बेअरिंगमधून येत असेल, तर ते आवळून किंवा छर्रे बदलून काम भागतं. शॉकअपच अडकत असेल, तर मेकॅनिककडून तो उघडून साफ करून घ्या. आत रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. जुन्या फोर्कमधले रबराचे तुकडे कडक होतात. मिळाले तर तेवढेच बदला. मात्र चकचकीत नळ्यांना गंजाचे खड्डे पडले असतील, किंवा कुठे तडा दिसला, तर तो फोर्क मोडीत काढा.

नवा किंवा सेकंडहँड घेताना चार गोष्टी मोजा. फोर्कची वरची नळी २५.४ मिलिमीटरची आहे की २८.६ ची? तिला आटे आहेत की ती गुळगुळीत आहे? ती पुरेशी लांब आहे का? कापलेली नळी वाढवता येत नाही! ब्रेक रिमचा आहे की डिस्कचा? आणि चाक २६ इंचीच आहे ना?

शेवटचं माप सर्वांत महत्त्वाचं. चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंतची उंची जुन्याइतकीच हवी. दुकानदार १२० मिलिमीटर दबणारा पुढे करील, पण भुलू नका! फोर्क २० मिलिमीटरने उंच झाला, की सायकलचं तोंड वर होतं आणि पुढचा कोन साधारण एका अंशाने कलतो. वळताना हँडल सुस्त वाटतं, फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर जादा ताण येतो. तो सांधा चालत्या सायकलीत तुटला, तर शॉकअपपेक्षा दातांचं बिल मोठं!

बसवल्यावर नळीला बारीक रबर बांधा आणि मुलाला अलगद सायकलवर बसवा. तो उतरल्यावर रबर किती सरकलं ते पाहा. दबण्याच्या एकूण मापाच्या पाव भागाइतकं सरकलं, तर स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळली.

इतकंही बजेटमध्ये बसत नसेल, तर त्याच उंचीचा शॉकअप नसलेला साधा फोर्क आणि रुंद टायर घ्या. खड्डे थोडे जाणवतील, पण स्वस्तातल्या डुगडुगत्या शॉकअपपेक्षा ही सायकल हलकी आणि भरवशाची असते. चिरंजीव रुसतील, पण ओरछ्याची एक फेरी झाली की रुसवा निघेल!