करडं मॉडेल आणि पांढरं सोनं

परवा एका मित्राने मोठ्या कौतुकाने स्लाइड्स दाखवल्या. आमच्या यवतमाळचा कापूस, चार वर्षांचे आकडे आणि त्यावरून पाचव्या वर्षाचा अंदाज! म्हटलं, हे कसं काय? तर म्हणे, ‘ग्रे मॉडेल. चार आकडे पुरतात.’

पुरतात, हे खरं. चीनच्या डेंग जुलोंग यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली ती तुटपुंज्या माहितीसाठीच. ग्रे म्हणजे थोडं माहीत, थोडं अंधारात. कृती सोपी आहे. आकडे एकात एक मिळवत जायचे आणि त्या चढत्या बेरजेवर एक साधं डिफरन्शियल इक्वेशन बसवायचं. मूळ मॉडेलचं उत्तर एक्स्पोनेन्शियलच येतं. म्हणजे अंदाज एक तर वाढत जाणार, नाही तर घटत जाणार. वळण त्याला ठाऊकच नाही.

आता गंमत बघा. समजा एकरी उतारा आला ६, ८, ३, ७ क्विंटल (आकडे माझे, उदाहरणापुरते). मॉडेल पाचव्या वर्षाला सांगतं ४.८. आता मधली दोन वर्षं उलटी करा: ६, ३, ८, ७. उत्तर १०.३! शेत तेच, सरासरी तीच, शेवटचं वर्षही तेच. विश्वास नसेल तर एक्सेलमध्ये करून बघा.

आणि स्लाइडवर दाखवतात काय, तर बेरजेचा आलेख. पहिल्या उदाहरणात चार वर्षांची बेरीज २४, मॉडेल म्हणतं २३.९६. वा! पण तिसऱ्या वर्षी ३ क्विंटल पिकले, तिथे मॉडेलचे जवळपास ६. नापिकीचं वर्षच गायब. मदत लागते ती नेमकी त्याच वर्षी ना?

विजेच्या मागणीसारख्या संथ चढणाऱ्या गोष्टीला हे चालेलही. आमचा कापूस मात्र बहुतेक कोरडवाहू, सगळी भिस्त पावसावर. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, ते आधीच्या चार आकड्यांत कुठे लिहिलं होतं?

‘पण डेटाच नाही ना!’ असं कसं? पावसाच्या नोंदी आहेत, पीक कापणी प्रयोग होतात, पैसेवारी निघते, कामगंध सापळ्यातले पतंग मोजता येतात. हे सगळं गोळा करायला खेटे घालावे लागतात, एवढंच. आळसाला ‘अपुरी माहिती’ म्हणू नका राव.

प्रोजेक्टचे मार्क मिळवायचे असतील तर खुशाल वापरा. पण त्या आकड्यावर उद्या कोणाचा विमा नाही तर कर्ज ठरणार असेल, तर आधी मधल्या दोन वर्षांची अदलाबदल करून दाखवा. मग बोलू.