माफ झालेली फी आणि विकलेल्या पाटल्या

आमच्या रहाटणीतल्या एका शेजाऱ्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॅप राऊंडमधून, स्वतःच्या गुणांवर. वडील चाकणला कंत्राटी कामगार. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं गेलं, ‘आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ.’ आईने पाटल्या काढून दिल्या. गहाण ठेवल्या असत्या, पण व्याज नको म्हणून विकल्या.

आता 8 जुलै 2024 चा शासन निर्णय पाहा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं. मग या पाटल्या कशासाठी गेल्या?

‘करदात्यांच्या पैशाने दुसऱ्यांची पोरं का शिकवायची?’ असं विचारणारे भेटतात. साहेब, हा कामगार मोबाईल रिचार्जवर 18 टक्के जीएसटी भरतो, तोही करदाताच आहे.

यापेक्षा वजनदार आक्षेप जोतीराव फुल्यांच्या नावाने घेतला जातो. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी तक्रार केली होती की रयतेच्या पैशातून वरच्या वर्गाचं उच्चशिक्षण चालतं आणि रयतेची मुलं प्राथमिक शाळेलाही मुकतात. म्हणून आधी प्राथमिक शाळा सुधारा, कॉलेजची फी ज्याची त्याने भरावी, असं काहीजण म्हणतात. शाळा सुधाराच. पण जोतीरावांचा राग वर्गात कोण बसतं यावर होता. फी वाढली की वर्गात पुन्हा तेच बसतील.

आपल्या समाजाची अडचण आणखी वेगळी. बागवान, अत्तार, तांबोळी ओबीसीत आहेत, पण पुरावा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा हवा. बहुतेकदा मागतात तो आजोबांच्या शाळेचा दाखला. आजोबा शाळेत गेले असते तर नात कॉलेजात जाणारी घरातली पहिली कशी असती? या मुलीच्या वडिलांनी त्या कागदासाठी मराठवाड्यात तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा खाडा झाला.

‘जकातीतून भागवू’ असं जमातीत म्हणतात. जरूर द्या, मीही देतो. पण मुलीचं शिक्षण कुणा शेटच्या मर्जीवर आणि रमजानच्या महिन्यावर का अवलंबून ठेवायचं? 1906 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था आणि बोर्डिंग उभं केलं, ते राज्यकर्त्याचं काम मानून.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने पैसे थेट कॉलेजला द्यावेत, प्रवेशाच्या आधी. आणि मुलांनाही द्यावेत. या मुलीचा भाऊ यंदा बारावीला आहे आणि त्याला निम्मीच फी सुटणार. संध्याकाळी तो काळेवाडीच्या एका गॅरेजमध्ये जातो. मालक म्हणतो, परीक्षा झाली की पूर्णवेळ ये. बहिणीची फी अजून परत आलेली नाही, आणि घरात विकण्यासारखं आता काही नाही.